आबांना ताप नव्हता

माझा थर्मामीटर गावातल्या सगळ्या माणसांपेक्षा शहाणा आहे, असं मला तेविसाव्या वर्षी वाटायचं. नर्सचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि पारनेर तालुक्यातल्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली होती. दवाखाना म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, एक टेबल आणि दार नीट न लागणारं एक कपाट. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही जीप मिळाली तर. बाकीचे दिवस मी आणि माझा थर्मामीटर. लोक मला नर्सबाई म्हणायचे, आणि त्यातल्या 'बाई'चा मला भारी तोरा होता.

राहायला खोली मात्र मिळेना. पहिल्या दोन घरांनी माझं आडनाव विचारलं आणि खोलीत कडबा भरलाय म्हणून सांगितलं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, गुरांच्या तोंडात घालायला गावात काडी नाही, आणि यांच्या खोल्या म्हणे कडब्यानं भरलेल्या. असं होणार हे केडगावला आईनं आधीच बजावलं होतं, आणि रडत घरी यायचं नाही हेही. रडले नाही, पण रागानं कान तापले होते. तिसरं घर आबांचं. ओसरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं आडनाव विचारलंच नाही. तिखट किती खातेस एवढंच विचारलं, कारण त्यांच्या सुनेचा हात तिखटाला सैल होता. मी म्हटलं, चालतं. माझी ट्रंक ओसरीलगतच्या खोलीत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मीही सगळ्या गावासारखी त्यांना आबा म्हणू लागले.

आबांच्या तोंडावर देवीचे वण होते. थोडेथोडके नव्हेत. कपाळापासून मानेपर्यंत बोट ठेवायला कोरी जागा नव्हती, आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. लहानपणी देवी आल्या, त्यातून ते वाचले, पण तोंड असं झालं. पहिल्यांदा बघणारा माणूस नजर दुसरीकडे वळवायचा. मीही वळवली होती, उगीच साळसूदपणा कशाला. पण आठवड्याभरात मला ते वण दिसेनासे झाले, कारण त्यांचं बोलणं मोठं मिश्कील होतं. मी लस टोचायची पेटी घेऊन निघाले, की ते ओसरीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "पोरं घरात घ्या रं, गांधीलमाशी निघाली." मी डोळे वटारायचे आणि मग कोपऱ्यावर जाऊन हसायचे.

घरात माणसं तीनच. आबा, त्यांची सून आणि चार वर्षांची नात. मुलगा हंगामात शुगर फॅक्टरीवर कामाला, नेवाशाकडे; तो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. सून माझ्याच वयाची. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहायची नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की आबा आधी खाकरायचे, मग ती पदर पुढे ओढून पाठ वळवायची, मग ते आत पाऊल टाकायचे. एवढ्याशा घरात दोघं दिवसभर वावरायची, पण सहा वर्षांत एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललेली नव्हती. जे काही बोलायचं ते नातीमार्फत, आणि नात बाहेर खेळत असली तर सून चुलीकडे तोंड करून म्हणायची, "भाकर झालीय म्हनावं." आबा मग चुलीचं ऐकून जेवायला बसायचे.

मला याची गंमत वाटायची, थोडा रागही यायचा. मी शहरात शिकून आलेली. तिला एकदा म्हणाले की अगं, सासरा आहे, वाघ नव्हे. ती पदराआड हसली. म्हणाली, बोलायला कशाला पाहिजे, मला त्यांचं सगळं खाकरण्यावरनं नि ताटावरनं कळतं. झोप झाली नाही, पाय दुखतोय, गावात कुणाशी वाजलंय, सगळं. मी ते हसण्यावारी नेलं.

त्या गावात एक जुनी रीत होती. घरात गोवर, कांजिण्या, तापाची साथ असं काही पसरणारं दुखणं आलं, की आजाऱ्याजवळ बसायला वणाच्या माणसाला बोलवायचं. त्याला एकदा देवीनं हात लावला, आता दुसरं कुठलं दुखणं त्याच्या वाटेला जात नाही, अशी समजूत. पुढे टोचणी आली, देवी हटत गेल्या, वणाची माणसं एकेक करून गेली आणि ती रीतही मागे पडली. मी गेले तेव्हा गावात असा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे आबा, आणि त्यांना कितीतरी वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं.

मग बहात्तरच्या दुष्काळाचा तो हिवाळा आला. विहिरींनी तळ दाखवला, बैल छावणीत गेले आणि आख्खं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. बायासुद्धा. सकाळी थंडीत निघायचं, दिवसभर फुफाट्यात बसून दगड फोडायचा, दुपारी सरकारनं वाटलेली मूठभर सुकडी आणि तिन्हीसांजेला परत. त्यात पौषात सर्दी-तापाची साथ आली. घरोघरी पोरं फणफणलेली. आईनं घरी थांबावं तर हजेरी बुडते, आणि हजेरी बुडली तर चूल बुडते. पोराला कामावर न्यावं तर तिथं धुळीनं आणखी खोकला.

अशात कुण्या म्हातारीला ती रीत आठवली. एक पोर आबांच्या ओसरीवर आलं. मग तीन. मग आठ-दहा. पोतं अंथरून ओळीनं निजवलेली, कुणाच्या नाकाला धार, कुणाचा घसा बसलेला. आबा मध्ये बसायचे, मांडीवर एक, खांद्याला टेकून दुसरं. त्यांच्याजवळ गोष्टींचा साठा मोठा होता, आणि बहुतेक गोष्टींत एक गांधीलमाशी असायची जिची शेवटी फजिती व्हायची.

बाया मला विचारायला आल्या होत्या. "बाई, ठिवू का पोरं आबांकडं?" मला माहीत होतं. देवीचा माणूस देवीपुरता वाचतो. सर्दी-तापाला ते वण काही अडवत नाहीत, हे मला शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण माझ्यासमोर बारा बाया उभ्या होत्या, मुकादमाची शिट्टी व्हायची वेळ झाली होती, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. शिवाय सगळी आजारी पोरं एका ओसरीवर म्हणजे मलाही गावभर पायपीट नाही. मी म्हणाले, "ठेवा. आबांना काही होत नाही." नर्सबाईनं सांगितलं म्हटल्यावर बाया निश्चिंत मनानं कामावर गेल्या.

पोरांचा ताप बघण्यासारखा असायचा. एकशे तीन, एकशे चार. हात लावला तर चटका बसावा. गाल लाल, डोळे चमकणारे, बडबड सुरू. मी ओल्या पट्ट्या ठेवायचे, गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून द्यायचे. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच पोर उठून भाकरी मागायचं, शेजारच्याशी गोटीवरून भांडायचं. आबांची नातही अशीच तापली. एक दिवस तर तिनं माझे प्राण कंठाशी आणले, एकशे चारच्या वर पारा. सून कामावर गेली नाही, तिच्या उशाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पोरगी कोंबडीच्या मागे पळत होती. माझं सगळं लक्ष पाऱ्यावर. पारा चढला की माझा जीव वर, पारा उतरला की खाली.

रोज सकाळी मी आबांच्याही काखेत थर्मामीटर लावायचे. त्यात काळजी कमी आणि माझ्या निर्णयाची राखण जास्त होती. सत्त्याण्णव. कधी सत्त्याण्णवच्याही खाली. आबा काख मोकळी करून म्हणायचे, "गार हाय का न्हाई? आगं, भाजल्यालं मडकं पुना आव्यात घालीत न्हाईत." मी थर्मामीटर झटकून पुसायचे आणि दवाखान्यात जायचे.

साथ ओसरायला लागली, ओसरीवरची पोरं कमी झाली, आणि आबा गप्प झाले. गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचे. मला वाटलं, थकले असतील. एवढी पोरं सांभाळायची म्हणजे चेष्टा नाही. चहा बशीत ओतून ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत तसाच. खोकला म्हणावा तर नाही, नाक वाहत नाही. मी थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव. सून मला म्हणाली, "बाई, ताटात भाकर ऱ्हातीय." मी म्हटलं, वय झालं, भूक कमी होते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा थर्मामीटर लावला आणि तो तिच्या डोळ्यांसमोर धरला, जणू तिला त्यातलं वाचता येत होतं. ताप नाही, मी म्हणाले. कशाला घाबरतेस? तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मला तिचा थोडा रागच आला.

त्या संध्याकाळी आबांनी मला विचारलं, "बैलास्नी पानी दावलं का?" बैल दीड महिन्यापासून छावणीत होते, त्यांना सोडून येताना आबाच रडले होते. मी आठवण करून दिली. ते बरं म्हणाले आणि थोड्या वेळानं परत तेच विचारलं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला विसरायला व्हायला लागलं. माझ्याकडे सगळ्याला एकच उत्तर होतं, वय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत वेणी घालत होते. सून दारात आली. हात पिठानं भरलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. ती उंबऱ्यावर खालीच बसली. मी विचारलं, काय झालं. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली,

"मामंजी न खाकरता आत आलं."

ती पुढे म्हणाली, "म्या चुलीम्होरं बोडक्या डोईनं बसल्याली. माज्याकडं बघून बी त्यास्नी काय वाटलं न्हाई. तसंच उभं ऱ्हायलं. सा वर्सांत असं कदी झालं न्हाई, बाई. त्ये आपल्यात न्हाईत. तुमचा ताप असू द्या न्हाईतर नसू द्या."

आज मला लाज वाटते ती या गोष्टीची की त्याच्या आधी तिनं दोनदा सांगितलं होतं आणि मी तिला पारा दाखवला होता. पण त्या सकाळी, देव जाणे का, मी थर्मामीटर घेतला नाही. हातातली वेणी तशीच सोडून गेले. आबा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसले होते, पटका न बांधता. मी त्यांच्यासमोर बसले, सदऱ्याची गुंडी काढली, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यांचा श्वास मोजला. मिनिटाला छत्तीस. छाती भात्यासारखी चाललेली, आणि अंग गार. नखं निळसर. नाडी धावत होती. हे सगळं मोजायला मला शिकवलं होतं. पण ताप नाही म्हटल्यावर मी पुढचं काही बघितलंच नव्हतं.

रस्त्याच्या कामावर सामान टाकून रिकामा ट्रक सकाळी नगरला परतायचा. मी धावत जाऊन तो अडवला. ड्रायव्हर काही बोलला, मी त्याच्यावर अशी ओरडले की तो गुपचूप खाली उतरून घोंगडी अंथरू लागला. सून बरोबर आली, नात शेजारी ठेवली. ट्रकच्या हौद्यात आबांचं डोकं सुनेच्या मांडीवर. तिचा पदर वाऱ्यानं उडत होता आणि तिनं तो सावरला नाही. सुपा गेलं, मग केडगाव लागलं. आमच्या घराच्या गल्लीचं तोंड दिसलं तेव्हा मला आईला हाक मारावीशी वाटली. आबा मध्येच डोळे उघडायचे आणि बैलांचं विचारायचे. सून आता सरळ त्यांना उत्तर देत होती. म्हणत होती, "दावलं, मामंजी. पोटभर प्याले."

नगरच्या दवाखान्यात उतारवयाचे एक डॉक्टर होते. त्यांनी नळी लावून छाती ऐकली आणि न्यूमोनिया म्हणाले. आधी फ्ल्यू, आणि त्यावर हा. सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला, पेनिसिलिन सुरू झालं. त्यांनी किती दिवस झाले विचारलं. मी म्हणाले की कळलंच नाही, ताप नव्हता. एकदाही नव्हता, मी रोज लावत होते. माझा आवाज वकिलासारखा झाला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "ताप यायलासुद्धा अंगात ताकद लागते."

मग त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. अंगात रोगाचा जीव शिरला, तर तो कोण, कुठला हे कळायच्या आधीच शरीराची एक जन्मजात राखण जागी होते. पोराची राखण तरण्या कुत्र्यासारखी. पान हललं तरी भुंकून गल्ली डोक्यावर घेते. ताप म्हणजे ते भुंकणं. त्यानं चोर पळतो आणि घरमालकही जागा होतो. म्हाताऱ्याचं कुत्रं एक डोळा उघडून बघतं आणि परत झोपतं. चोर माजघरात पोचला तरी गल्लीत शांतता. तुम्ही शांतता बघून निघून गेलात, एवढंच. पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात मी हेच पुन्हा ऐकलं, मोठ्या नावांसह, फळ्यावर चित्रं काढून. विषाणूविरुद्धची ती पहिली फळी म्हातारपणी उशिरा उठते. आणि उशिरा उठली की कधी थांबायचं ते तिला कळत नाही, नको तितका धुडगूस घालते. तान्ह्या बाळाचंही निराळ्या कारणानं असंच, ताप असेलच असं नाही. मी वहीत उतरवून घेतलं. पण मला ते कळलं होतं नगरच्या त्या बाकावर. नंतर नोकरीभर मी नव्या मुलींना एकच सांगत आले: म्हाताऱ्या माणसाला तपासताना थर्मामीटर लावा, श्वास मोजा, आणि त्याच्या आधी घरातल्या बाईला विचारा की आज याचं काय वेगळं वाटतंय. ती जे सांगेल त्याला हसू नका.

तीन दिवस आबा शुद्धीच्या काठावर होते. केडगावहून आई डबा घेऊन यायची, आम्ही दोघी तो एकाच ताटलीत खायचो. सून मला एका शब्दानंही बोलली नाही. मला वाटायचं, बोल, शिव्या दे, तूच ठेवलीस पोरं असं म्हण. ती आबांचे पाय चेपत राहायची. आबा मेले तर त्यांना मी मारलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यात साथीचा, दुष्काळाचा, मुकादमाचा वाटा शोधून बघितला, पण मनाला पटेना. मला येत होतं तेच मी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि दचकले. चटका बसला. मी थर्मामीटर लावला. एकशे एकच्या वर. मी डॉक्टरांकडे धावले. जन्मात प्रथमच मी ताप आल्याची बातमी आनंदानं सांगत होते आणि मला ते कळतही नव्हतं. डॉक्टर आले, छाती ऐकली, नखं बघितली. म्हणाले, इतक्यात हुरळून जाऊ नका, पण अंग निदान भांडायला उठलंय. श्वास थोडा खाली आलाय. हा ताप मी आत्ता उतरवणार नाही.

आबा त्यातून उठले. पुरते पहिल्यासारखे कधी झाले नाहीत, चढ लागला की थांबायचे. पण घरी गेले, आणि पुढचे चार पावसाळे त्यांनी डोळ्यांनी बघितले. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं की त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि कोरड्या ओठांनी "गांधीलमाशी" म्हणाले. सून तोंडावर पदर दाबून बाहेर पाणी आणायला गेली. मला वाटलं, आता सांगायला हवं, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

मी म्हणाले, "आबा, मला ठाऊक होतं. देवीचे वण देवीपुरतेच. हा ताप त्याला जुमानत नाही. मला शिकवलं होतं. तरी मी पोरं तुमच्याकडे धाडली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मलाबी ठावं हुतं."

मला वाटलं, तापात बोलतायत. पण त्यांचा बरा डोळा माझ्यावर नीट रोखलेला होता. थांबत थांबत, दम खात, त्यांनी सांगितलं. त्यांना थोरली बहीण होती, अक्का. दोघांना एकदमच देवी आल्या, एकाच घोंगडीवर पडून होती, दोघंही वाचली. तिचं तोंड त्यांच्यापेक्षा जास्त गेलं. लग्न जमलं नाही. मग काही वर्षांनी मानमोडीची साथ आली, तीही अशीच सर्दी-तापाची. घरटी माणूस पडला. गावानं अक्काला वणाची म्हणून घरोघर बसवलं. बारा-तेरा घरं तिनं बघितली, मग तीच पडली, आणि चौथ्या दिवशी गेली. आबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे; ते भट्टीसारखे तापले आणि आठवड्यात उठून बसले. "तवापासनं ठावं हाय," ते म्हणाले. "वणाला कंचं दुखनं भीत न्हाई."

"मग बसलात कशाला?" माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघू लागला. "माहीत होतं तर नाही म्हणायचं होतं."

आबांनी हात उचलून स्वतःच्या तोंडाकडे नेला, अर्ध्यावरच खाली ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "ह्ये तोंड बगून पोरं आयच्या पदरात घुसायची. जलमभर बगतोय. आन त्या म्हैन्यात धा धा पोरं माज्या मांडीवरनं भांडली. म्या कशाला सांगतोय कुनाला, मला ठावं हाय म्हनून?"

मी त्यांच्यावर चिडले. खरंच चिडले, डोळ्यांतून पाणी गळत असताना चिडले, आणि बापाच्या वयाच्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलले. तुम्ही गेला असता तर त्या पोरांनी काय करायचं होतं, सुनेनं काय करायचं होतं, आणि मी कुठं जाऊन तोंड लपवायचं होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांना हुडहुडी भरली, दात वाजू लागले. मी खाटेच्या काठावर बसले, माझी शाल काढून त्यांच्या अंगावर टाकली, आणि त्यांचं ते खडबडीत, तापलेलं तोंड दोन्ही हातांत धरून बसले, त्यांची थंडी जाईपर्यंत.